पगारातून कापलेला पैसा : घराला पुरेल की म्हातारपणाला?

सिल्वासातील डोकमर्डीसारख्या वस्तीत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अनेक घरांत पगाराची पावती येते. मूळ वेतन, भत्ता, जादा कामाचे पैसे असे आकडे वरून खाली वाचत गेले की शेवटी वजाबाकीची एक ओळ लागते : भविष्य निर्वाह निधी. पंधरा हजार रुपये वेतन असलेल्या कामगाराच्या पावतीवर ती रक्कम १,८०० रुपये असते. खोलीचे भाडे, गावी पाठवायचे पैसे, मुलांची फी आणि किराणा यांच्या ओढाताणीत ही वजाबाकी अनेकांना टोचते. ‘हा पैसा आपलाच आहे, उद्या व्याजासह मिळणार आहे, शिवाय सरकारही त्यात भर घालते’ असे सांगितले जाते. यातले किती खरे, आणि वेळ आली की हा पैसा घराच्या किंवा निवृत्तीच्या कामी खरोखर येतो का, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

दादरा नगर हवेलीत तो अधिकच महत्त्वाचा ठरतो. करसवलतींमुळे गेल्या काही दशकांत येथे कापड, धागा, प्लॅस्टिक आणि इतर वस्तूंचे कारखाने उभे राहिले. मसाट, रखोली, खडोली या पट्ट्यात कामाला येणाऱ्यांत स्थानिक वारली, कोकणा, धोडिया समाजांतील तरुण आहेत, तसेच महाराष्ट्र, गुजरात, बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेले कामगारही आहेत. २०११ च्या जनगणनेत या प्रदेशात दर हजार पुरुषांमागे केवळ ७७४ स्त्रिया होत्या. कुटुंब गावी ठेवून एकट्याने येथे राबणाऱ्यांची संख्या किती मोठी आहे, याची ही खूण. अशा माणसाचे काम एका ठिकाणी असते, घर दुसऱ्या ठिकाणी बांधायचे असते आणि म्हातारपण कोठे जाईल हे त्याला ठाऊक नसते. त्याच्या बचतीला तिन्ही गोष्टींचा भार पेलावा लागतो.

सरकार नेमके किती घालते?

सर्वसाधारण समज असा, की भविष्य निर्वाह निधीत सरकार मोठी भर घालते. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. कामगाराच्या वेतनातून १२ टक्के कापले जातात आणि मालकाला तेवढेच भरावे लागतात. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि उरलेले ३.६७ टक्के कामगाराच्या निधीत जमा होतात. सरकारचा वाटा आहे तो निवृत्तिवेतन योजनेत, वेतनाच्या १.१६ टक्के इतका, आणि तोही १५ हजारांच्या वेतनमर्यादेपर्यंतच. ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून लागू झाली.

पंधरा हजार वेतनावर हा हिशेब असा होतो : कामगाराचे १,८०० आणि मालकाचे सुमारे ५५० मिळून २,३५० रुपये दरमहा निधीत, मालकाचे सुमारे १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत, आणि सरकारचे १७४ रुपये, तेही निवृत्तिवेतन योजनेतच. म्हणजे कामगाराला ऑनलाइन पासबुकात जी शिल्लक आपली म्हणून दिसते, तिच्यात सरकारचा थेट रुपया नसतो. सरकारी मदत येते ती दोन वाटांनी. एक वाट या १७४ रुपयांची. दुसरी करसवलतीची : निधीतील रकमेवर आणि व्याजावर मिळणारी सूट. पण ज्याचे उत्पन्न मुळातच प्राप्तिकराच्या मर्यादेखाली आहे, त्याला करसवलतीचा उपयोग नाही. सवलतीचा खरा लाभ जास्त पगारवाल्याला होतो आणि कमी पगारवाल्याच्या हाती १७४ रुपयांचा वाटा राहतो, ही या रचनेतील पहिली विसंगती.

तरीही या योजनेचे मोठे बळ सरकारी भर हे नाही. मालकाला सक्तीने भरावा लागणारा वाटा आणि साध्या बँक ठेवीपेक्षा सहसा चढा असलेला व्याजदर, ही तिची खरी ताकद आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी हा दर ८.२५ टक्के होता. अर्थात तो कायमचा नव्हे. १९९० च्या दशकात याच निधीवर १२ टक्के व्याज मिळत असे आणि २०२१-२२ मध्ये तो ८.१ टक्क्यांपर्यंत खाली आला होता. पुढील तीस वर्षे आजचाच दर राहील असे धरून आखलेला कोणताही बेत जपूनच वाचायला हवा.

पहिल्या दहा वर्षांची किंमत

थेंबे थेंबे तळे साचते हे खरे, पण तळे भरते कसे हे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. समजा, एका यंत्रचालकाने अठ्ठाविसाव्या वर्षी काम सुरू केले, त्याचे वेतन १५ हजारच राहिले, दरमहा २,३५० रुपये निधीत जमा होत गेले आणि व्याज ८.२५ टक्केच राहिले. तीस वर्षांनी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्याच्या खात्यात सुमारे ३४ ते ३५ लाख रुपये असतील. त्याने आणि मालकाने मिळून प्रत्यक्षात भरलेली रक्कम साडेआठ लाखांच्या आतच असेल. बाकी सारे व्याज.

आता याच यंत्रचालकाने दहा वर्षांनी नोकरी सोडली आणि त्या वेळी साठलेले सव्वाचार लाखांच्या आसपास रुपये काढून घेतले असे धरू. पुढे दुसऱ्या कारखान्यात लागून त्याने उरलेली वीस वर्षे पुन्हा नियमित भरणा केला. तर अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच्या हाती येतील सुमारे पावणेचौदा लाख. काढले सव्वाचार लाख, पण शेवटी कमी पडले सुमारे एकवीस लाख. पहिल्या दहा वर्षांतील पैशाला व्याज खाऊन वाढायला सर्वांत जास्त काळ मिळतो, म्हणून तोच पैसा सर्वांत मोलाचा. आणि सिल्वासासारख्या औद्योगिक गावात नेमका तोच आधी निघून जातो. नोकरी बदलली, कंत्राटदार बदलला, गावी लग्न निघाले, की ‘पीएफ काढून घे’ हा सल्ला सर्वांत आधी मिळतो.

महागाईचाही विचार येथे करावा लागेल. भाववाढ सरासरी पाच टक्के धरली, तर तीस वर्षांनंतरच्या ३४-३५ लाखांची खरेदीशक्ती आजच्या आठ लाखांएवढी असेल. मधल्या काळात वेतन वाढेल, भरणाही वाढेल, त्यामुळे प्रत्यक्ष चित्र यापेक्षा बरे असू शकते. तरीही लाखांचे आकडे पाहून निवृत्तीची काळजी मिटली असे मानणे धोक्याचे आहे.

दहा वर्षांची अट आणि तुटक नोकरी

निवृत्तिवेतनाचे गणित निधीपेक्षा वेगळे आहे. येथे साठलेल्या रकमेवर व्याज मोजले जात नाही. निवृत्तिवेतनास पात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले सत्तर, असे सूत्र आहे. वीस किंवा अधिक वर्षे सेवा झाली, तर दोन वर्षे वाढवून दिली जातात. पंधरा हजार वेतन आणि तीस वर्षांची सेवा धरली, तर दरमहा सुमारे ६,८५० रुपये मिळतील. वेतनमर्यादा तशीच राहिली आणि भाववाढ पाच टक्के राहिली, तर तीस वर्षांनी त्यांची किंमत आजच्या सुमारे १,६०० रुपयांएवढी असेल. या निवृत्तिवेतनाला महागाई भत्त्याची जोड नाही. किमान निवृत्तिवेतन १ सप्टेंबर २०१४ पासून एक हजार रुपये ठरले, आणि ते वाढवावे ही निवृत्तांच्या संघटनांची जुनी मागणी आहे.

पण हे निवृत्तिवेतन तरी मिळण्यासाठी किमान दहा वर्षांची सेवा हवी. सलग एका मालकाकडे असण्याची गरज नाही. वेगवेगळ्या कारखान्यांतील सेवा जोडता येते. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला एकच सार्वत्रिक खाते क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली, ती याचसाठी. पण कागदावरची ही सोय कंत्राटी कामगारापर्यंत पोहोचता पोहोचता अडखळते. नव्या कंत्राटदाराने जुना क्रमांक न विचारता नवा काढला, आधार कार्डावरील नावाचे स्पेलिंग वेगळे निघाले, आधीच्या ठिकाणी नोकरी सोडल्याची तारीख नोंदलीच गेली नाही, अशा कारणांनी सेवेची साखळी तुटते. आठ वर्षे तीन ठिकाणी काम केलेला माणूस मग ‘निवृत्तिवेतनाचे पैसेही काढून टाकू’ असे म्हणतो. असा परतावा घेतला की सेवेची ती वर्षे पुसली जातात आणि सरकारने घातलेल्या वाट्याचा जो काही फायदा पुढे मिळाला असता, तोही संपतो. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेतले, तर ती वर्षे राखून ठेवता येतात आणि पुढील नोकरीत जोडता येतात. हा पर्याय नियमात आहे, पण कारखान्याच्या दारावर तो क्वचितच कोणी समजावून सांगते.

पाच वर्षांच्या सलग सेवेआधी निधी काढला, तर ती रक्कम करपात्र ठरू शकते, हेही अनेकांना पैसे हाती आल्यावर कळते.

ज्यांच्या हाती पगाराची पावतीच नाही

डोकमर्डीत सगळेच कारखान्यात नाहीत. रिक्षा चालवणारे, भाजी विकणारे, शिवणकाम करणारे, बांधकामावर जाणारे आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांना ना मालकाचा वाटा आहे, ना पावती. त्यांच्यासाठी केंद्राच्या दोन योजना प्रामुख्याने आहेत. सरकारी भर हा शब्द कोठे पूर्ण लागू पडतो आणि कोठे अर्धाच, हे त्यांच्यावरून स्पष्ट होते.

पहिली प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना. ती फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. मासिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत असलेल्या, १८ ते ४० वयाच्या असंघटित कामगाराला तिच्यात सामील होता येते. वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपये भरायचे आणि सरकार तेवढीच रक्कम भरते. साठीनंतर दरमहा तीन हजार रुपये मिळतात. रुपयाला रुपया अशी खरीखुरी सरकारी भर येथे आहे. भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा किंवा राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना यांत असलेल्यांना मात्र या योजनेचे दार बंद आहे.

दुसरी अटल पेन्शन योजना, २०१५ ची. तिच्यात दरमहा एक ते पाच हजार रुपयांपर्यंतच्या निवृत्तिवेतनाची हमी आहे. सुरुवातीला सरकारने हप्त्याच्या निम्मे किंवा वर्षाला कमाल एक हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढी भर पाच वर्षांसाठी घातली. पण ती ३१ मार्च २०१६ पर्यंत सामील झालेल्या, प्राप्तिकर न भरणाऱ्या आणि अन्य सामाजिक सुरक्षा योजनेत नसलेल्या सभासदांपुरतीच होती. त्यानंतर आलेल्यांना भर नाही; गुंतवणुकीवरील उत्पन्न कमी पडले तर सरकार ती तूट भरून काढेल, एवढी हमी आहे. हमी मोलाची आहे, पण भर आणि हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १ ऑक्टोबर २०२२ पासून प्राप्तिकरदात्यांना या योजनेत नव्याने प्रवेश नाही. भविष्य निर्वाह निधीचा सभासद असलेला कारखाना कामगार मात्र वय आणि कराची अट पाळत असेल, तर तिच्यात येऊ शकतो.

तीस वर्षांच्या माणसाने साठीनंतर दरमहा तीन हजार मिळावेत म्हणून दोन्ही योजनांकडे पाहिले, तर फरक असा दिसतो. श्रमयोगी मानधनात हप्ता १०५ रुपये, अटल पेन्शनमध्ये ३४७ रुपये. पहिली योजना तिपटीहून स्वस्त. तीस वर्षांत सभासदाचे स्वतःचे ३७,८०० रुपये जातात आणि साठीनंतर सुमारे एका वर्षातच तेवढे निवृत्तिवेतन परत मिळते. पण सभासद गेल्यावर जोडीदाराला निम्मेच, म्हणजे दीड हजार मिळतात आणि जोडीदारामागे मुलांना काही उरत नाही. अटल पेन्शनमध्ये जोडीदाराला पूर्ण तीन हजार मिळत राहतात आणि दोघांच्या पश्चात नामनिर्देशित वारसाला ५ लाख १० हजार रुपयांपर्यंतची साठलेली रक्कम मिळते. म्हणजे हप्त्यातील फरक उगाच नाही. त्यामागे लाभाचाही फरक आहे.

दोन्हींत एक उणीव समान आहे. निवृत्तिवेतनाचा आकडा आजच ठरलेला आहे, महागाई मात्र ठरलेली नाही. पाच टक्के भाववाढ धरली, तर तीस वर्षांनंतरचे तीन हजार म्हणजे आजचे सुमारे सातशे रुपये. एवढ्यात महिन्याचा किराणाही भागणार नाही. अटल पेन्शनच्या बहुसंख्य सभासदांनी तर एक हजाराची सर्वांत खालची पायरी निवडली आहे. या योजनांमुळे म्हातारपणी हातखर्च निघेल, संसार चालणार नाही, हे सभासद होतानाच सांगायला हवे.

दुसरी अडचण मधूनच सोडण्याची. श्रमयोगी मानधनातून दहा वर्षांच्या आत बाहेर पडल्यास सरकारची भर मिळत नाही. स्वतःचे पैसे बचत खात्याच्या व्याजदराने परत मिळतात. अटल पेन्शनमध्येही साठीआधी बाहेर पडणाऱ्याला स्वतःचा भरणा आणि त्यावरील प्रत्यक्ष उत्पन्न मिळते, सरकारी भर नाही. ज्याचे उत्पन्नच पावसाळ्यात आटते, त्याच्यासाठी तीस वर्षे न चुकता हप्ता भरणे ही अट सोपी नाही. श्रमयोगी मानधनाची घोषणा करताना पाच वर्षांत किमान दहा कोटी कामगार सामील होतील अशी अपेक्षा व्यक्त झाली होती. पाच वर्षांनी नोंदणी पन्नास लाखांच्या आसपासच होती. त्याआधी २०१० मध्ये आलेल्या स्वावलंबन योजनेत सरकार वर्षाला एक हजार रुपये घालत असे. पण तिच्यात ठरावीक निवृत्तिवेतनाची हमी नव्हती आणि २०१५ मध्ये अटल पेन्शनने तिची जागा घेतली. हजार रुपयांच्या आमिषाने खाते उघडते, टिकते असे नाही, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

घर पाहावे बांधून

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे म्हणतात. घराच्या बाबतीत आपल्याकडे सरकारी मदतीचा रोख बचतीवर नाही, कर्जावर आणि थेट अनुदानावर आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात पहिल्या टप्प्यात अल्प उत्पन्न गटाला सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज अनुदान, म्हणजे कमाल २ लाख ६७ हजार रुपयांपर्यंत मदत मिळे. ती योजना मार्च २०२२ मध्ये संपली. सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात वार्षिक नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला कर्जाच्या पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याज अनुदान आहे. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असावे, देशात कोठेही पक्के घर नसावे, या अटी आहेत. कमाल १ लाख ८० हजार रुपये पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतात.

मदत चांगली आहे, पण ती ज्याला बँक कर्ज देते त्यालाच मिळते. कंत्राटदाराकडे रोखीने पगार घेणाऱ्याला, किंवा जमिनीचा स्वच्छ कागद नसलेल्याला, व्याज अनुदानाचे दार आधीच बंद होते. शिवाय बँक घराची पूर्ण किंमत कर्जाऊ देत नाही. सुरुवातीची रक्कम स्वतः उभी करावी लागते. ती कोठून आणायची? कामगाराजवळ एकच मोठी शिल्लक असते : भविष्य निर्वाह निधी. घराचा आणि म्हातारपणाचा झगडा येथे सुरू होतो, कारण दोन्हींसाठी हंडा एकच आहे.

निधीतून घरासाठी उचल घेण्याची तरतूद जुनी आहे. आतापर्यंतच्या नियमांत पाच वर्षांच्या सभासदत्वानंतर घरासाठी ३६ महिन्यांच्या वेतनापर्यंत रक्कम काढता येई. घर स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा दोघांच्या नावावर असणे आवश्यक होते. १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने अंशतः रक्कम काढण्याच्या तेरा तरतुदी तीन गटांत आणण्याचा निर्णय घेतला : अत्यावश्यक गरजा, घर आणि विशेष परिस्थिती. सेवेची अट बारा महिन्यांवर आणली. त्याच वेळी २५ टक्के रक्कम खात्यात कायम ठेवण्याचे बंधन घातले आणि बेरोजगारीत पूर्ण रक्कम काढण्याची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिन्यांवर नेली. म्हणजे खात्याचे दार अधिक उघडले, पण तळाशी एक कप्पा कुलूपबंद केला. कामगार संघटनांनी कुलपावर टीका केली. संकटात आपलाच पैसा का अडवावा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण कुलूप नसेल तर साठीला कप्पाच रिकामा निघतो, हेही वरच्या हिशेबावरून दिसते.

घरासाठी पैसा काढणे म्हणजे म्हातारपण विकणे, असे सरसकट म्हणता येणार नाही. पस्तिसाव्या वर्षी काढलेले तीन लाख तेथेच राहिले असते, तर ८.२५ टक्क्यांनी अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत सुमारे साडेअठरा लाख झाले असते, हे खरे. पण त्या तीन लाखांमुळे तेवढे कर्ज कमी घ्यावे लागले आणि गृहकर्जाचा दरही साधारण निधीच्या व्याजाइतकाच असेल, तर तेवढे व्याज वाचते. शिवाय भाडे थांबते आणि निवृत्तीनंतर डोक्यावर छप्पर राहते. घर हीही म्हातारपणाची तरतूदच आहे. मात्र वाचलेले भाडे पुन्हा बचतीत गेले तरच हा सौदा बरोबरीचा ठरतो. शिवाय गावी बांधलेले घर वर्षभर कुलपात आणि सिल्वासातील खोलीचे भाडे चालूच, असे असेल तर पैसा दोन्हीकडून जातो. हीच उचल मोटरसायकल, मोबाइल किंवा लग्नातल्या जेवणावळीसाठी घेतली, तर मागे काहीच उरत नाही.

इतरत्र काय घडले?

हा पेच केवळ आपला नाही. ब्रिटनने एप्रिल २०१७ मध्ये पहिले घर आणि निवृत्ती या दोन्हींसाठी मिळून एकच खाते आणले. वर्षाला चार हजार पौंडांपर्यंत भरायचे आणि सरकार त्यावर २५ टक्के भर घालते. पण साठीआधी, घराशिवाय अन्य कारणासाठी पैसे काढले, तर एकूण रकमेच्या २५ टक्के दंड. शंभर पौंड भरले की सरकारच्या भरीसह सव्वाशे होतात; सव्वाशेचा पाव भाग कापला की हाती येतात पावणेचौऱ्याण्णव. म्हणजे सरकारी भर तर गेलीच, वर स्वतःच्या शंभरातले सव्वासहा पौंडही गेले. घराच्या किमतीची साडेचार लाख पौंडांची मर्यादाही घरे महागली तरी तशीच राहिली, त्यामुळे महाग शहरांतील बचतदार अडकले. भर मोठी असली तरी बाहेर पडण्याचा नियम कठोर असेल, तर गरजू माणूसच दंड भरतो, हा त्यातील बोध.

सिंगापूरचा केंद्रीय भविष्य निर्वाह निधी १९५५ चा. १९६८ पासून त्यातून सार्वजनिक घरकुलासाठी पैसे वापरता येऊ लागले आणि तेथील बहुसंख्य कुटुंबे घरमालक झाली. पण तेथे एक अट आहे : घर विकले, तर काढलेली रक्कम आणि तिच्यावर निधीत मिळाले असते तेवढे व्याज, दोन्ही खात्यात परत भरावे लागतात. मलेशियाने मे २०२४ पासून नव्या भरण्याची तीन कप्प्यांत विभागणी केली आहे : ७५ टक्के निवृत्तीसाठी, १५ टक्के घर-शिक्षणासारख्या गरजांसाठी आणि १० टक्के केव्हाही काढता येतील असे. घर आणि म्हातारपण यांना वेगळे कप्पे दिले की एकाने दुसऱ्याचे खाणे थांबते, हा त्यामागचा विचार.

मग हित कोणाचे?

या साऱ्यावरून काही निष्कर्ष निघतात. कायम नोकरी असलेल्या, एकच खाते क्रमांक सांभाळणाऱ्या आणि मध्येच पैसे न काढणाऱ्या कामगारासाठी भविष्य निर्वाह निधी ही आजही उत्तम बचत आहे; मालकाचा वाटा मिळवून देणारी दुसरी सोय नाही. श्रमयोगी मानधनाची रुपयाला रुपया भर आकर्षक आहे, पण ती टिकून राहणाऱ्यालाच मिळते आणि तिची किंमत महागाई कुरतडते. अटल पेन्शनचे मोल हमीत आणि वारसाला परत मिळणाऱ्या रकमेत आहे. घरासाठीची सरकारी मदत मात्र बचत करणाऱ्याला नव्हे, कर्ज मिळवू शकणाऱ्याला पोहोचते. ज्याचे काम तुटक, कागद अपुरे आणि उत्पन्न हंगामी, त्याला या योजनांचा लाभ सर्वांत कमी होतो. आणि खरी गरज त्यालाच सर्वांत जास्त असते. दोष त्याच्या बेशिस्तीचा कमी, योजनेच्या बांधणीचा अधिक.

बांधणी बदलणे सरकारच्या हाती आहे : निवृत्तिवेतनाला महागाईची जोड, हप्ता चुकला तरी भर न गमावण्याची मुभा, कंत्राटदार बदलताच खाते आपोआप जोडले जाण्याची सक्ती. तोवर बचतदाराच्या हाती काही साध्या गोष्टी आहेत. सार्वत्रिक खाते क्रमांक एकच आहे ना आणि आधारवरील नाव, जन्मतारीख जुळते ना, हे तपासावे. पगारातून कापलेले पैसे खरोखर जमा होतात की नाही, हे दर महिन्याला पासबुकात पाहावे. नोकरी बदलताना निधी काढण्याऐवजी वर्ग करावा. दहा वर्षे भरली नसतील तर निवृत्तिवेतनाच्या परताव्याऐवजी योजना प्रमाणपत्र मागावे. नामनिर्देशन लग्नानंतर बदलून घ्यावे. घरासाठी उचल घ्यायचीच असेल, तर त्या घरात आपण किंवा आपले कुटुंब प्रत्यक्ष राहणार आहे का, हा प्रश्न अर्ज भरण्याआधी घरातल्या सर्वांनी बसून सोडवावा.

पुढच्या महिन्याची पावती हाती येईल, तेव्हा वजाबाकीच्या ओळीवरून नजर पुढे सरकवण्याआधी तो आकडा पासबुकातील नोंदीशी ताडून पाहावा. त्याला पाच मिनिटे लागतात. तीस वर्षांनी चुकलेली नोंद शोधायला किती कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागतील, याचा हिशेब कोणत्याही तक्त्यात दिलेला नाही.